लिक्विड क्रिस्टलमधलं विद्युत-संवहन: सेल बांधण्यापासून प्रक्षोभापर्यंत

दोन काचा, त्यांच्यामध्ये पंचवीस मायक्रॉनची फट, फटीत फिकट पिवळं लिक्विड क्रिस्टल आणि काचांना जोडलेला काही व्होल्टचा एसी पुरवठा. एवढ्या सामग्रीत सुव्यवस्थित संवहनापासून पूर्ण प्रक्षोभापर्यंतचा, म्हणजे अनियमित खळबळीपर्यंतचा, सगळा प्रवास टेबलावर बघता येतो. तळाकडून तापवलेल्या द्रवातल्या संवहनाचा प्रयोग ज्यांनी केला आहे त्यांना माहीत असेल, की तिथे एक आकृतिबंध स्थिरावायला तास तास लागतात आणि भांड्यात जेमतेम काही डझन वळ्या (द्रवाचे गोल फिरणारे लांब पट्टे) मावतात. इथे एक सेंटिमीटर रुंदीच्या सेलमध्ये शेकडो वळ्या मावतात आणि त्या सेकंद-मिनिटांत बदलतात. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी यापेक्षा चांगला प्रयोग मला माहीत नाही.

बहुतेक जण घाई करतात ती प्रक्षोभाकडे जाण्याची. व्होल्टेज भराभर वाढवलं की सेल ढवळून निघते आणि व्हिडिओही छान येतो, पण त्यातून मोजण्यासारखं काहीच हाती लागत नाही. आधी उंबरठा, म्हणजे वळ्या सुरू होतात ते व्होल्टेज, नीट मोजायचा, मग व्होल्टेज आणि वारंवारतेचा नकाशा काढायचा आणि त्यानंतरच प्रक्षोभाकडे वळायचं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

काचांमध्ये नेमकं काय घडतं

नेमॅटिक लिक्विड क्रिस्टलचे लांबट रेणू सरासरी एका दिशेने मांडलेले असतात. त्या दिशेला डायरेक्टर म्हणतात. आपल्या सेलमध्ये डायरेक्टर काचांना समांतर असतो आणि विद्युतक्षेत्र काचांना लंब. पदार्थ असा निवडायचा की त्याची डायइलेक्ट्रिक विषमता ऋण असेल (डायरेक्टरच्या दिशेने परमिटिव्हिटी कमी), पण विद्युतवाहकता मात्र डायरेक्टरच्या दिशेने जास्त असेल. एमबीबीए या पदार्थात डायइलेक्ट्रिक विषमता साधारण उणे ०.५ आहे, आणि डायरेक्टरच्या दिशेची वाहकता लंब दिशेपेक्षा सुमारे दीडपट.

विषमता ऋण असल्यामुळे विद्युतक्षेत्र रेणूंना आहे तिथेच दाबून ठेवतं. मग हालचाल सुरू होते कशी? औष्णिक चढउतारांमुळे डायरेक्टर कुठेतरी किंचित वाकतो. आयन डायरेक्टरच्या दिशेने जास्त सहज वाहतात, म्हणून ते सरळ वर-खाली न जाता थोडे बाजूला सरकतात. त्यामुळे काही ठिकाणी धन तर काही ठिकाणी ऋण प्रभार साचतो. त्या प्रभारावर क्षेत्राचं बल लागतं, द्रव एका जागी वर आणि शेजारी खाली ढकलला जातो, आणि या प्रवाहातलं कातर (थरांचं एकमेकांवरून घसरणं) डायरेक्टरला आणखी त्याच दिशेला वाकवतं. हे चक्र स्वतःलाच पोसतं. लवचीकता आणि श्यानता त्याला विरोध करतात. ठरावीक व्होल्टेजला चक्र विरोधावर मात करतं आणि वळ्या उमटतात.

ही यंत्रणा कार आणि हेल्फ्रिख या दोन शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखली जाते. हेल्फ्रिख यांनी १९६९ मध्ये डीसी क्षेत्रासाठी तिची गणिती मांडणी केली, आणि १९७१ मध्ये द्युब्वा-व्हायोलेट, द जेन आणि पारोदी यांनी ती एसी क्षेत्रापर्यंत नेली. वळ्या त्याआधीच दिसल्या होत्या. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या आरसीए प्रयोगशाळेत रिचर्ड विल्यम्स यांनी १९६३ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांचा पदार्थ सुमारे ११८ अंश सेल्सिअसच्या वरच नेमॅटिक होत असल्यामुळे त्यांना सेल तापवून काम करावं लागलं. याच प्रयोगशाळेत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने प्रक्षोभातून होणाऱ्या प्रकाशाच्या विखुरणीवर पहिले लिक्विड क्रिस्टल डिस्प्ले बनवले. पुढे त्या डिस्प्लेंची जागा घेणारा पिळदार नेमॅटिक डिस्प्ले शोधणाऱ्या दोघांपैकी एक हेल्फ्रिखच होते. ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते.

एक महत्त्वाचा परिणाम इथेच लक्षात घ्या. लवचीकतेचा विरोध जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, आणि ठरावीक व्होल्टेजला विद्युत बलही तसंच. त्यामुळे जाडी दोन्हीकडून निघून जाते आणि कमी वारंवारतेला उंबरठा *व्होल्टेजमध्ये* ठरतो. सेल २५ मायक्रॉनची असो की ५० ची, एमबीबीएमध्ये तो साधारण ६ ते ८ व्होल्टच्या आसपास (आरएमएस, म्हणजे एसीचं परिणामी मूल्य) येतो. दोन जाडीच्या सेल करून हे स्वतः पडताळून पाहा.

पदार्थ

एमबीबीए घ्या. तो सुमारे २२ ते ४७ अंशांदरम्यान नेमॅटिक असतो, म्हणजे खोलीच्या तापमानाला काम होतं. पण महाराष्ट्रातल्या खोलीचं तापमान ही काही ठरलेली गोष्ट नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत पारा चाळिशीत गेला, की पदार्थ नेमॅटिक अवस्थेच्या वरच्या टोकाजवळ पोचतो आणि सगळे गुणधर्म झपाट्याने बदलतात. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात अडचण वेगळी: एमबीबीए हे शिफ बेस आहे आणि दमट हवेत त्याचं जलविघटन होतं. म्हणून बाटली सिलिका जेलसोबत, प्रकाशापासून दूर, घट्ट बंद ठेवा. फ्रिजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ती उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

पदार्थ चांगला आहे की नाही हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. एक थेंब दोन काचांमध्ये ठेवून एकमेकांना काटकोनात धरलेल्या पोलरायझरमधून बघत हळूहळू तापवा. सगळं काळं होतं तो निवळण्याचा बिंदू. ताज्या एमबीबीएमध्ये तो ४५ ते ४७ अंशांच्या दरम्यान येतो. चाळिशीच्या खाली आला तर ती बाटली या प्रयोगासाठी वापरू नका. हातमोजे घाला आणि हवा खेळती ठेवा. पदार्थ विघटित झाला की त्यातून अॅनिलीनच्या कुळातलं रसायन बाहेर पडतं.

शुद्ध एमबीबीएची वाहकता बाटलीगणिक बदलते, म्हणून तिच्यात मुद्दाम आयन घालतात. टेट्राब्युटिलअमोनियम ब्रोमाइड हे मीठ वजनाने ०.०१ टक्का पुरतं. एका ग्रॅमला हे ०.१ मिलिग्रॅम होतं आणि ते साध्या तराजूवर मोजता येत नाही. म्हणून आधी ०.१ टक्क्याचं मूळ मिश्रण करा, म्हणजे एका ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम. मग त्यात नऊपट शुद्ध एमबीबीए घालून ते पातळ करा. सुमारे ६० अंशांना, म्हणजे साध्या द्रव अवस्थेत, मीठ पूर्ण विरघळेपर्यंत हलवा. मीठही ओल शोषून घेतं, तेव्हा आधी सुकवून घ्या.

सेल

माझ्या मते प्रयोगाचं निम्मं यश सेलमध्ये आहे. रेणू एकाच दिशेने बसलेली, आयटीओचा (पारदर्शक विद्युतवाहक ऑक्साइडचा) थर असलेली तयार सेल विकत मिळते आणि निधी असेल तर तीच घ्या. हाताने बनवायची असेल तर पुढचा भाग नीट वाचा.

आयटीओ लावलेल्या काचेची कोणती बाजू वाहक आहे ते मल्टिमीटरने बघा. काच डिटर्जंट, शुद्ध पाणी, अॅसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल या क्रमाने धुवा. कापडाने न पुसता वाळवा. मग वाहक बाजूवर पीव्हीएचं (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं) एक ते दोन टक्के पाण्यातलं द्रावण पातळ पसरवा. स्पिन कोटर नसेल तर काच द्रावणात बुडवून संथपणे, एकाच वेगाने वर काढा. ती १०० ते ११० अंशांना तासभर भाजा. आता मखमलीच्या कापडाने एकाच दिशेने, हलक्या हाताने काही वेळा घासा. मागे-पुढे घासलं की काम फुकट जातं. घासल्याची दिशा काचेच्या कडेला मार्करने लिहून ठेवा.

दुसरी काच तशीच तयार करा आणि घासण्याच्या दिशा एकमेकींच्या उलट येतील अशी ती पहिल्या काचेवर ठेवा. दोन्ही काचा थोड्या सरकवून ठेवा, म्हणजे तार जोडायला प्रत्येकीची एक कड उघडी राहील. मधली फट ठरवायला २५ मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म दोन कडांना घाला. क्लिपने दाबून दोन बाजू इपॉक्सीने बंद करा आणि भरण्यासाठी दोन बाजू मोकळ्या ठेवा.

भरण्याआधी फट मोजा. रिकाम्या सेलमधून गेलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात व्यतिकरणाच्या लाटा दिसतात. ५०० आणि ६०० नॅनोमीटरच्या दरम्यान साधारण १७ लाटा मोजल्या, तर फट २५ मायक्रॉनची आहे. वर्णपटमापक नसेल तर निदान सोडियम दिव्याखाली व्यतिकरणाचे पट्टे बघा. एका सेंटिमीटरमध्ये ते जितके कमी, तितक्या काचा जास्त समांतर. पाचरीसारख्या फटीतही कमी वारंवारतेचा उंबरठा फारसा हलत नाही, पण वळ्यांची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदलत जाते आणि आकृतिबंधात नको तिथे दोष येतात.

सेल आणि एमबीबीए दोन्ही ६० अंशांना ठेवून थेंब उघड्या कडेला लावा. केशाकर्षणाने फट आपोआप भरते. मग सावकाश थंड करा आणि उरलेल्या बाजू बंद करा. काटकोनातल्या पोलरायझरमध्ये सेल फिरवून बघा: घासण्याची दिशा एका पोलरायझरला समांतर असताना सगळीकडे सारखा काळोख आणि ४५ अंशांवर सारखा उजेड दिसला पाहिजे. धागे किंवा ढगाळ ठिपके दिसले तर पुन्हा तापवून थंड करा. तरीही राहिले तर नवी सेल बनवा.

विद्युतपुरवठा

साध्या फंक्शन जनरेटरवर १० व्होल्ट पीक-टू-पीक मिळतात, म्हणजे आरएमएस फक्त ३.५ व्होल्ट. उंबरठ्यासाठीसुद्धा ते अपुरे आहेत. १० ते २० पट वाढवणारा अॅम्प्लिफायर लागतो. प्रक्षोभासाठी ५० ते ६० व्होल्ट आरएमएसपर्यंत जाता आलं पाहिजे. या व्होल्टेजला जोडण्या उघड्या ठेवू नका आणि पुरवठा चालू असताना सेलला हात लावू नका.

जनरेटर ५० ओहमच्या भारासाठी लावलेला असेल तर पडद्यावरचा आकडा आणि प्रत्यक्ष व्होल्टेज यांत दुपटीचा फरक पडतो. म्हणून व्होल्टेज नेहमी सेलच्या टोकांवरच मोजा. एका चौरस सेंटिमीटरच्या, २५ मायक्रॉनच्या सेलची धारिता सुमारे १८० पिकोफॅरड येते आणि रोध मेगओहममध्ये, त्यामुळे जनरेटरवर भार जवळपास पडतच नाही.

डीसी अंश शून्य ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. थोडासा ऑफसेटही इलेक्ट्रोडजवळ रासायनिक क्रिया घडवतो, प्रभार आत सोडतो आणि उंबरठा दिवसेंदिवस सरकत जातो. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला ऑफसेट मोजा.

सेलचं तापमान २५ अंशांवर स्थिर ठेवा. शक्य असेल तर दशांश अंशापर्यंत. वाहकता आणि श्यानता दोन्ही तापमानाबरोबर झपाट्याने बदलतात.

वळ्या बघणं

४एक्स किंवा १०एक्स ऑब्जेक्टिव्हचा साधा मायक्रोस्कोप पुरतो. *एकच* पोलरायझर लावा आणि त्याची दिशा घासण्याच्या दिशेला समांतर ठेवा. या ध्रुवणाच्या प्रकाशाला डायरेक्टरचा झुकाव अपवर्तनांकातला बदल म्हणून जाणवतो. वळ्या भिंगासारखं काम करतात आणि प्रकाश रेषांमध्ये एकवटतो. पोलरायझर ९० अंश फिरवला की उंबरठ्याच्या जरा वर असलेल्या वळ्या पूर्ण नाहीशा होतात. दिसतंय ते खरंच विद्युत-संवहन आहे का, याची ही खात्रीची परीक्षा आहे. फोकस सेलच्या थोडा वर-खाली हलवा, म्हणजे रेषा ठळक होतील.

आता ५० हर्ट्झला ४ व्होल्टपासून सुरुवात करा आणि ०.०५ व्होल्टच्या पायऱ्यांनी वर जा. प्रत्येक पायरीवर थांबा. २५ मायक्रॉनच्या सेलमध्ये डायरेक्टरला सावरायला सुमारे एक सेकंद लागतो आणि ५० मायक्रॉनला सुमारे चार. पण उंबरठ्याच्या अगदी जवळ हा वेळ कितीतरी पटीने वाढतो, म्हणून तिथे दोन-तीन मिनिटं द्या. मग घासण्याच्या दिशेला लंब अशा समांतर रेषा उमटतात, नुकत्याच नांगरलेल्या शेतातल्या सऱ्यांसारख्या. वळ्यांच्या जोडीचा आवर्त साधारण फटीच्या दुप्पट येतो. एका जोडीमागे कधी एक तर कधी दोन उजळ रेषा दिसतात, कारण प्रतिमेत झुकावाच्या वर्गाशी निगडित भागही मिसळतो. खात्री करायला द्रवातला धुळीचा एखादा कण फिरताना बघा. तो ज्या दोन रेषांमध्ये गोल फिरतो ती एक वळी.

मापनासाठी उंबरठ्याच्या खाली एक प्रतिमा घेऊन ठेवा आणि पुढच्या प्रत्येक प्रतिमेला तिने भागा. मग फुरिये रूपांतरातल्या मुख्य शिखराची शक्ती काढा. इमेजजे किंवा पायथॉनमध्ये हे सहज होतं. व्होल्टेजच्या वर्गासमोर ती मांडली की उंबरठ्याच्या लगत सरळ रेषा मिळते, आणि तिचं मूळ हा तुमचा उंबरठा. नुसत्या डोळ्यांनी ठरवलेला आकडा माणसागणिक बदलतो. व्होल्टेज उतरवतानाही हेच मोजा. दोन्ही उत्तरं जुळली तर पायऱ्या पुरेशा संथ होत्या.

नकाशा

हेच १० हर्ट्झपासून वर, वारंवारता बदलत पुन्हा करा. खालच्या टोकाला वळ्या तिरप्या उमटतात, डावीकडे आणि उजवीकडे कललेल्या अशा दोन्ही. एका ठरावीक वारंवारतेच्या वर त्या सरळ होतात. पुढे उंबरठा हळूहळू आणि मग एकदम उंच चढतो. ही छेद-वारंवारता. तिच्या खाली प्रभार क्षेत्राबरोबर उलटसुलट होतो आणि डायरेक्टर जवळपास स्थिर असतो. वर गेल्यावर प्रभाराला क्षेत्राबरोबर पळता येत नाही: प्रभार स्थिर राहतो आणि डायरेक्टर डोलू लागतो. तिथे उंबरठा व्होल्टेजऐवजी क्षेत्रात ठरतो, रेषा फक्त काही मायक्रॉनच्या होतात आणि पुढे त्या बाणाच्या टोकांसारख्या मांडणीत मोडतात.

छेद-वारंवारता वाहकतेच्या प्रमाणात असते. वर सांगितलेल्या मिश्रणाने ती काहीशे हर्ट्झच्या घरात येते. म्हणून ती सेलच्या तब्येतीची फार उपयोगी खूण आहे. दर आठवड्याला मोजा आणि वहीत लिहा.

प्रक्षोभ

नकाशा हाती आल्यावर छेद-वारंवारतेच्या बरंच खाली एक वारंवारता निवडा आणि व्होल्टेज वाढवत जा. वळ्यांमध्ये आधी दोष येतात: एखादी रेषा मध्येच संपते, सरकते, दुसरीला जुळते. मग वळ्या थरथरू लागतात. त्यानंतर आडव्या रेषा येऊन जाळी बनते, आणि जाळी मोडली की गतिमान विखुरणीची पहिली अवस्था सुरू होते. तिला डीएसएम-१ म्हणतात. मायक्रोस्कोपखाली सगळं सतत खदखदताना दिसतं, पण डायरेक्टरच्या मूळ दिशेची आठवण अजून शिल्लक असते. पोलरायझर फिरवून विखुरणीत फरक पडतो तो यामुळेच.

आणखी वर काही जागी अचानक गडद डाग जन्मतात आणि पसरतात. ही दुसरी अवस्था, डीएसएम-२. तिच्यात डायरेक्टरमधल्या दोषरेषा दाटीने भरलेल्या असतात आणि त्या सारख्या ताणल्या व तोडल्या जातात. प्रकाश इतका विखुरतो की पारगत प्रकाशात तो भाग काळपट दिसतो.

या दोन अवस्थांच्या सीमेवर गेल्या काही दशकांतलं माझ्या मते सर्वांत देखणं काम झालं आहे. टोकियो विद्यापीठात ताकेउची, सानो आणि सहकाऱ्यांनी १२ मायक्रॉनच्या सेलमध्ये, ०.०१ टक्का मीठ घातलेलं एमबीबीए वापरून, २५ अंश आणि २५० हर्ट्झला मापनं केली. या सीमेजवळ डीएसएम-२ चा डाग आपोआप जवळजवळ कधीच जन्मत नाही. तो शेजारून पसरतो किंवा विझतो. सुमारे ३५ व्होल्टच्या आसपास पसरणं आणि विझणं यांचा समतोल साधतो. २००७ मध्ये त्यांनी दाखवलं, की हे संक्रमण दिशाबद्ध परकोलेशनच्या, म्हणजे शेजारून पसरणाऱ्या किंवा विझणाऱ्या गोष्टींच्या, सिद्धांताबरहुकूम चालतं. व्यापलेल्या क्षेत्राचा घातांक दोन मितींत ०.५८३ यायला हवा, आणि प्रयोगात तो त्रुटीच्या मर्यादेत तेवढाच आला. सिद्धांत जुना होता, पण प्रयोगात इतक्या पूर्णपणे तो तोवर कुठे दिसला नव्हता.

२०१० मध्ये त्यांनी डायरेक्टर काचांना लंब ठेवलेल्या सेलमध्ये, २६ व्होल्टला, अतिनील लेझरच्या एका स्पंदनाने डीएसएम-२ चा बिंदू मुद्दाम पेरला. तो गोल वाढत गेला आणि त्याची कड खडबडीत होत गेली. खडबडीतपणा वेळेच्या एक-तृतीयांश घाताने वाढला, जसा वाढत्या कडांसाठीच्या १९८६ च्या कार्डार–पारिसी–झांग समीकरणातून निघतो. पुढे सरळ कडेसाठीही तेच केल्यावर घातांक तोच आला, पण चढउतारांचं वितरण गोल आणि सरळ कडेसाठी वेगळं निघालं. दोन्ही ट्रेसी–विडम कुळातली आहेत. अफाट आकाराच्या यादृच्छिक मॅट्रिक्सच्या सर्वांत मोठ्या आयगेन मूल्यांचं वर्णन करणारी ही वितरणं खदखदत्या द्रवाच्या कडेवर मोजता आली!

लेझर नसला तरी कॉलेजमध्ये यातलं बरंच जमतं. डीएसएम-२ पूर्ण भरलेली असताना व्होल्टेज एकदम संक्रमणबिंदूच्या जवळ उतरवा आणि गडद क्षेत्र किती उरतं ते वेळेनुसार नोंदवा. बिंदूच्या खाली ते झपाट्याने विझतं, वर एका पातळीला स्थिरावतं आणि नेमक्या बिंदूवर घात-नियमाने (वेळेच्या ठरावीक घाताने) संथ घसरतं. लॉग-लॉग आलेखावर वक्र कोणत्या बाजूला वाकतो यावरून बिंदू दशांश व्होल्टपर्यंत सापडतो. गडद-उजळ ठरवण्याची मर्यादा सगळ्या चित्रफितींना एकच ठेवा आणि प्रत्येक व्होल्टेजला अनेक फिती घ्या, कारण एका फितीतले चढउतार मोठे असतात. कॅमेऱ्याचं आपोआप उजेड जुळवणं बंद असलंच पाहिजे.

प्रत्येक लांब बैठकीनंतर व्होल्टेज शून्यावर आणा, पंधरा मिनिटं जाऊ द्या आणि ५० हर्ट्झचा उंबरठा व छेद-वारंवारता पुन्हा मोजा. सकाळच्या आकड्यांशी ते जुळले तर दिवसभराच्या प्रक्षोभाच्या नोंदी एकमेकींशी ताडता येतात. छेद-वारंवारता सरकली असेल तर वाहकता बदलली आहे. मग त्या दिवसाची व्होल्टेज आधीच्या दिवसांच्या व्होल्टेजशी थेट ताडू नका, संक्रमणबिंदू नव्याने शोधा. निवळण्याचा बिंदूही दोन-तीन अंशांनी घसरला असेल तर सेलमध्ये ओल शिरली आहे. ती सेल काढून नवी भरा.